खुरपलेलं रान

नऊ दिवस दवाखान्याच्या बाकावर काढून धाकटीची पाठ पार लाकूड झाली होती. नवरा विहिरीच्या काठावरून घसरला, मांडी मोडली, पंधरा दिवस घरीच पडून राहिला आणि मग पाय सुजून भोपळा झाला तेव्हा उचलून न्यावा लागला. आज थोरले दीर तिथे बसायला आले आणि म्हणाले, "जा, घर बघून ये एकदा. पेशंट कोण ते कळेनासं झालंय."

तिथली एक नर्स भारी हसरी होती. दमल्याभागल्या बायकांना धरून सांगायची, "मावशी, रोज तीन चांगल्या गोष्टी आठवायच्या. मन उभारी धरतं." धाकटीला वाटायचं, हिला उचलून चार दिवस आमच्या घरी नेऊन ठेवावी. पण टेम्पोत मागे बसून येताना दुसरा उद्योग नव्हता, म्हणून तिने आठवून पाहिलं. पाय कापावा लागला नाही, ही एक. राजगिरा उगवला होता, ही दुसरी. तिसरी शोधता शोधता तिचा डोळा लागला.

त्या राजगिऱ्यावर घराचं वर्षाचं खाणं होतं. आधी पेरलेला मका उन्हाने करपला, रानात इथे एक तिथे एक अशी मरतुकडी ताटं उरली. मग ती राजगिऱ्याचं बी मागून आणायला पार पलीकडच्या गावापर्यंत चालत गेली. तिच्या गावात ते पीक कुणी केलेलंच नव्हतं. ओळीत पेरायचं तर पाभर धरणारा माणूस अंथरुणावर. म्हणून तिने बी वाळूत मिसळलं आणि मुठीमुठीने रानभर फेकलं. दवाखान्यात निघायच्या दिवशी कोवळी रोपं बोटभर वर आली होती. ती जायच्या घाईतही बांधावर थांबून घटकाभर बघत राहिली होती.

टेम्पोतून उतरली तर तिच्याच रानात हा गलका. सात बायका, पदर खोचलेले, हातात खुरपी, मातीने माखलेल्या. सगळ्यांच्या पुढे थोरली जाऊ. गावात तिला सगळे वावटळ म्हणत, आणि ते नाव कुणी उगाच ठेवलेलं नव्हतं.

"आली, आली!" थोरली ओरडली. "अगं, डोळे उघडून बघ तरी! सकाळपासून वाकलोय आम्ही. तुझं रान तणाने नुसतं भरलं होतं. काटेमाठ! एक काडी ठेवली नाही."

धाकटीने पाहिलं. काळंभोर, मऊ, आरशासारखं स्वच्छ रान. मक्याच्या मरतुकड्या ताटांना मायेने मातीची भर लावलेली. आणि बांधाकडेला, सावलीत, हिरव्या रोपांचे चार ढीग.

"तू माघारी येऊन कधी खुरपणार होतीस?" कुंभारीण म्हणाली. तिचं तान्हं झाडाखाली झोळीत होतं. "म्हटलं, आपणच उरकून टाकू. हिला तेवढाच आराम."

सुतारणीने हात पुढे केले. तळव्यांवर फोड आले होते. ती हसतच दाखवत होती.

राग यायलाही अंगात थोडं बळ लागतं, तेवढंही धाकटीच्या अंगात नव्हतं. तिने ढिगांकडे पाठ केली. या बायका आपापली कामं टाकून आल्या होत्या आणि आता कौतुकाची वाट बघत होत्या.

"किती स्वच्छ केलंत गं," ती म्हणाली. आवाज चिरका निघाला. "माझ्यासाठी एवढं केलंत. उपकार झाले."

"बघा, रडायलाच आली," थोरली म्हणाली आणि सगळ्यांना घेऊन खुशीत घरी गेली.

बायका वळणाआड होताच धाकटी ढिगांपाशी बसली आणि मग खरोखर रडली. नवऱ्यावर, विहिरीवर, जावेवर, स्वतःच्या मुठीवर, सगळ्यांवर चरफडली. रडता रडता तिने एक ढीग उपसला. वरची रोपं मान टाकून पडलेली, पण आतली, खालच्या ओलीतली, अजून ताठ होती. मुळंही शाबूत. तिने एक रोप उचललं, बोटाने मातीत भोक पाडलं, रोप उभं केलं, मूठभर माती दाबली. मग दुसरं. ऊन कलायला लागलं होतं. विहिरीवरून एक घागर आणून ती एकेका रोपाला ओंजळीने पाणी घालू लागली.

थोरली जेवणाचा डबा घेऊन आली तेव्हा दीड वाफा लागला होता.

"अगं, डोकं फिरलं का तुझं? तण लावतेस?"

"राजगिरा आहे, जाऊबाई."

थोरलीने ढिगाकडे बघितलं, रानाकडे बघितलं, डबा खाली ठेवला.

"सगळा?"

"सगळा. माठासारखाच दिसतो लहानपणी. ओळीत नव्हता. तुम्हाला कसं कळणार?"

"आणि वर तू आमचे उपकार मानलेस!"

"मग काय करू? त्या सुतारणीचे हात बघितलेत ना?"

थोरली बांधावर चढली. कमरेवर हात ठेवून तिने गावाच्या दिशेने अशी आरोळी मारली की झाडावरचे बगळे उडाले. घटकाभरात बाकीच्या सहाही जणी परत हजर. थोरलीने काय झालं ते सांगितलं, मग कुणी कुणाच्या नजरेला नजर देईना. कुंभारणीने झोळी पुन्हा बांधली, सुतारणीने तळव्यांना चिंध्या गुंडाळल्या. दोघी घागरी ओढायला गेल्या, बाकीच्या बोटांनी भोकं पाडत बसल्या. ज्या हातांनी सकाळी उपटलं तेच हात आता एकेक रोप जपून उभं करत होते. सकाळी जीभ क्षणभर थांबली नव्हती, आता पाण्याचा आवाज तेवढा येत होता.

सूर्य टेकला तेव्हा निम्मं रान लागलं होतं. उरलेली रोपं हातात धरली की लोळत होती, ती कुणीच लावली नाहीत. लावलेलीही सगळी आडवी पडली होती. त्यांतली किती उठतील ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. निम्म्या रानात वर्ष निघणार नव्हतं, सहा महिने मात्र निघाले असते.

थोरली चिखलाचे हात तसेच घेऊन धाकटीच्या शेजारी येऊन बसली. मग म्हणाली,

"चार शिव्या तरी दे गं मला."

"दमलेय हो, जाऊबाई," धाकटी म्हणाली. "उद्या सकाळी देते. येताना सगळ्यांना घागरी आणायला सांगा."