गळलेले खडे

भिंतीच्या दुरुस्तीचा नमुना दुसऱ्यांदा नापास झाला तेव्हा बी-हुईनं थापी बादलीत अशी आपटली, की पाणी इंजिनिअर वू साहेबांच्या पँटवर उडालं. सॉरी वगैरे ती म्हणाली नाही.

ताइनान शहरातल्या त्या शेतकी कॉलेजची जुनी इमारत नव्वद वर्षांची. पुढची भिंत धुतलेल्या खड्यांची. सिमेंटात बारीक खडे कालवून लिंपायचं, अर्धवट सुकलं की पाण्याचा फवारा मारायचा. वरचं सिमेंट धुऊन जातं, खडे उघडे पडतात. फवारा लवकर मारला तर खडे ओघळतात, उशिरा मारला तर कायमचे बुजतात. ती वेळ बी-हुईला अंगठा दाबून कळायची. शाळा तिनं आठवीत सोडलेली. या कॉलेजात तिला कुणी बाकावर बसू दिलं नसतं, पण भिंतीला जागोजाग खड्डे पडल्यावर तिलाच बोलावलं.

हात बरोबर होता, खडे चुकत होते. बाजारातले सगळे एका मापाचे, पांढरेफटक. भिंतीतले काळे, हिरवट, मधेच एखादा चहाच्या रंगाचा. ते नदीतले, आणि नदीतून उपसा कधीच बंद झालाय.

"शुक्रवारपर्यंत जुळलं नाही तर अख्ख्या भिंतीवर टाइल्स," वू साहेब पँट झटकत म्हणाले. "कमिटीनं ठरवलंय, माझ्या हातात नाही."

"लावा की. वर संडासाची पाटी पण लावा," बी-हुई म्हणाली.

साहेब निघून गेले. झाडाखाली कुणीतरी खुदकन हसलं. खुन काका. कॉलेजचे जुने झाडूवाले. रिटायर होऊन सहा वर्षं झाली, तरी सकाळी येऊन भिंतीखालचा पाला झाडल्याशिवाय त्यांना चैन पडायची नाही.

"हसताय काय?"

"तुझं ठिगळ बघतोय. म्हाताऱ्याच्या तोंडात नवी कवळी."

"मग आणा की तुम्ही जुने दात."

काकांनी झाडू झाडाला टेकवला, सायकल काढली आणि गेले. दुखावलं वाटतं म्हाताऱ्याला. बी-हुईनं जेवणाचा डबा उघडला, दोन घास खाऊन बंद केला.

तासाभरानं सायकल परत आली. कॅरियरला दूध पावडरचे अकरा डबे, सुतळीनं बांधलेले.

"काय आणलंत?"

"दात."

तिनं झाकण उघडलं. काळे, हिरवट, चहाच्या रंगाचे.

"दर पावसाळ्यात गळायचे," काका म्हणाले. "सुपलीत यायचे. कचऱ्यात टाकायला मन होईना. बायको म्हणायची, लोकांचे नवरे सोनं साठवतात."

"किती वर्षं?"

"सत्तावीस."

बी-हुईला बोलायचं होतं एक, तोंडातून निघालं भलतंच. "मग आधी नाही का सांगायचं? दोनदा शिव्या खाल्ल्या मी."

"तू कुठं विचारलंस?"

पुरतील का, याचा हिशोबच करावा लागला नाही. भिंतीला जेवढे खड्डे, तेवढेच खडे गळलेले. थोडे गटारात गेले असणार, तेवढी तूट तिनं पाइपामागच्या कोपऱ्यात बाजारच्या खड्यांनी भरली.

गुरुवारी शेवटचं ठिगळ. फवाऱ्याच्या पंपाला ती सख्ख्या भावालाही हात लावू देत नसे. तिनं अंगठा दाबून पाहिला आणि पंप काकांच्या हातात दिला.

"मला जमायचं नाही, पोरी."

"मी आहे ना. वरून खाली. हां, आता."

सिमेंटाचं पाणी ओघळलं आणि खडे एकेक करून वर आले. काका बराच वेळ नाक ओढत राहिले. सिमेंट डोळ्यात गेलं म्हणाले.

शुक्रवारी वू साहेब भिंतीला नाक लावून इकडून तिकडे दोनदा फिरले. "केलंय कुठं?"

"शोधा," बी-हुई म्हणाली.

सापडलं नाही. टाइल्स रद्द.

जाताना तिनं एक डबा धुऊन काकांना परत दिला. रिकामा देत नाहीत म्हणून आत शेंगदाण्याची चिक्की भरलेली.

"चिक्की संपली तरी डबा टाकू नका," ती म्हणाली. "भिंत अजून गळणारे."