पहिलं ‘नाही’

आमच्या आयर्लंडातल्या मेयोत कुणाच्या घरी गेलात आणि घरच्या बाईने चहा विचारला, तर लगेच ‘हो’ म्हणायचं नसतं. आधी म्हणायचं, “नको गं, आत्ताच घेऊन निघाले.” मग तिने म्हणायचं, “घोटभर तरी घे.” त्यावर आपण, “उगाच तुला त्रास.” त्यावर ती, “त्रास कसला, किटली ठेवलीच आहे.” एवढं झालं की खुर्ची पुढे ओढायची आणि खुशाल तीन कप रिचवायचे. पहिल्या फटक्यात हो म्हणतो तो हावरा, आणि पहिलं ‘नाही’ ऐकून किटली उतरवतो तो चिक्कू. हे कुणी समोर बसवून शिकवत नाही, बाळकडूतच मिळतं.

नूला पॅडनला हे बाळकडू जरा जास्तच पाजलं असावं. बेलमलेट गावच्या शाळेत तिने उभा जन्म पोरांना जेवायला वाढलं, आणि ‘नको’ म्हणणाऱ्या पोराच्या ताटात दोन बटाटे हमखास जास्त टाकले. नवरा गेला, शाळेतून ती निवृत्त झाली, साठी कधीच ओलांडली. पण विमानात म्हणून तिने पाऊल ठेवलं नव्हतं. आज पहिल्यांदा ठेवलं, तर नेमकं डब्लिनवर धुकं. विमान उशिरा सुटलं, उशिरा आम्स्टरडॅमला उतरलं, आणि आता पुढचं विमान गाठायला हाताशी फार वेळ उरला नव्हता.

ते विमान ट्रॉन्डहाइमचं होतं. तिची एकुलती एक मुलगी ग्रॉन्या तिथे नॉर्वेत नवरा एरिकसोबत नांदत होती. उद्या सकाळी ग्रॉन्याच्या तान्ह्या लेकीचा बाप्तिस्मा होता आणि त्याआधी तिथे पोचवणारं हे शेवटचं विमान. हे हुकलं की बाप्तिस्मा हुकला.

आणि नूलाचं आधीच एकदा हुकलं होतं. दोन वर्षांमागे ग्रॉन्याने फोन केला होता, “आई, लग्नाला येशील ना? तिकीट पाठवते.” नूला म्हणाली, “अगं नको बाई. एवढा खर्च कशाला? मला कुठलं जमतंय विमानबिमान.” फोन ठेवून तिने कपाटातला चांगला कोट काढला, उन्हात टाकला आणि दुसऱ्या फोनची वाट बघत बसली. तो फोन आलाच नाही. ग्रॉन्याने नॉर्वेत इतकी वर्षं काढली होती की आपल्या माणसांच्या ‘नाही’चा अर्थ ती विसरून गेली होती. लग्नाच्या दिवशी नूला तोच कोट घालून स्वयंपाकघरात एकटी बसून राहिली. गावात सांगताना तिने सगळा दोष गुडघ्यांवर ढकलला. मनातून मात्र तिला वाटत राहिलं, मी यावं असं पोरीला वाटलंच नसणार. वाटलं असतं तर तिने परत विचारलं नसतं का?

या वेळी ग्रॉन्याने विचारलं नाही, सरळ तिकीटच पाठवून दिलं. ‘नको’ म्हणायला फटच ठेवली नाही. म्हणून तर नूला आज इथे होती.

इथे म्हणजे कुठे, हे मात्र तिला धड सांगता आलं नसतं. आम्स्टरडॅमचा तो विमानतळ बघून ती पार गांगरली. आख्ख्या बेलमलेटमध्ये जेवढी दुकानं नाहीत तेवढी एका दालनात होती आणि माणसं अशी धावत होती, जणू सगळ्यांचीच घरं पेटलीयत. डोक्यावर पिवळ्या पाट्या, पाट्यांवर अक्षरं, बाण, आकडे. विमानाकडे नेणाऱ्या तिच्या दाराचं अक्षर सापडलं, पण बाण एका लांबच लांब बोळाकडे होता आणि त्या बोळाचं टोक दिसत नव्हतं. पिशवी खांद्यावर मारून ती चालायला लागली.

तेवढ्यात मागून टिंग टिंग करत बॅटरीवर चालणारी एक लांबडी गाडी आली. चालवणारी मुलगी ताडमाड उंच, अंगात पिवळं जाकीट, छातीवर नावाची पट्टी: फेना. तिने गाडी थांबवली.

“कुठलं दार?”

नूलाने हातातला विमानाचा पास दाखवला.

“फार लांब आहे. बसता?”

नूलाचे गुडघे केव्हाच ‘हो’ म्हणाले होते. पण तोंडाने सवयीप्रमाणे आपलं काम केलं. “अगं नको, पोरी. तुला कशाला त्रास? पाय आहेत की मला.”

“बरं,” फेना म्हणाली, आणि गेली.

नूला पिशवी सीटवर ठेवायला पुढे झाली होती, ती तशीच अर्धवट वाकून उभी राहिली. समोर सीटच नव्हती. “काय बाई माणसं ही,” ती स्वतःशीच पुटपुटली, “बस म्हणायची रीत तरी आहे का!”

पुढे पासपोर्ट तपासणीची रांग लागली. दोन रांगा जिथे एक होत होत्या तिथे तिच्या शेजारी एक गृहस्थ आला, गोरागोमटा, कडेवर मूल. तिची चुळबुळ त्याने पाहिली असावी. आपल्या माणसांना जरा बाजूला सारत तो म्हणाला, “तुम्हाला घाई दिसतेय. जा ना पुढे.”

“छे, छे! तुमच्याजवळ लेकरू आहे. तुम्हीच व्हा पुढे.”

“खरंच? आभारी आहे,” म्हणून तो झाला की पुढे! आणि त्याच्या मागोमाग त्याची बायको, आणखी दोन पोरं, एक सासू आणि एक बाबागाडी. नूला बघतच राहिली. आमच्याकडे या बोलण्यावर तो ‘नाही, तुम्हीच’ म्हणाला असता, ती ‘अहो, तुम्हीच’ म्हणाली असती आणि शेवटी लाजत लाजत तीच पुढे गेली असती. इथे सगळं नाटक पहिल्याच वाक्यावर आटोपलं आणि ती सहा माणसं मागे पडली.

तपासणी उरकून बाहेर पडली तर तिच्या दाराचा बाण आणखी एका बोळाकडे. एकदा सरकता पट्टा लागला, पण त्यावर पाय टाकायचा धीर होईना, म्हणून ती शेजारून चालत राहिली. पट्ट्यावर नुसती उभी असलेली माणसं तिच्या पुढे निघून जात होती. गुडघा ठणकायला लागला. आणि मग भोंग्यातून आवाज आला. आधी डच, मग इंग्रजी. ट्रॉन्डहाइमच्या प्रवासी पाडेन, ताबडतोब दाराशी या. पाडेन कोण हे कळायला तिला क्षणभर लागलं. पाडेन म्हणजे पॅडन, म्हणजे तीच!

ती भिंतीला टेकली. डोळ्यांत पाणी आलं. आता ग्रॉन्याला काय सांगायचं? पुन्हा गुडघे?

टिंग टिंग. तीच गाडी, तीच मुलगी, मागच्या सगळ्या सीट रिकाम्या. नूलाने तिच्याकडे पाहिलं. असं पाहिलं, की आमच्या गावातली कुठलीही बाई त्या नजरेने हातातलं काम टाकून धावत आली असती. फेनाने ओळखीचं हसून हात हलवला आणि गाडी पुढे काढली.

मग मात्र नूलाचा संयम सुटला. पिशवी सांभाळत ती पळत बोळाच्या मधोमध गेली आणि वाट चुकलेल्या गाईला अडवावं तसे दोन्ही हात पसरून ओरडली, “अगं ए! थांब! मला यायचंय!”

गाडी कचकन थांबली. आजूबाजूचे चार लोक वळून बघायला लागले. नूलाचे कान लाल झाले. आयुष्यात तिने कुणाकडे असं तोंड उघडून काही मागितलं नव्हतं.

“मग मघाशी का नाही आलात?” फेनाने विचारलं. आवाजात राग नव्हता, नुसतं कुतूहल होतं.

“तू एकदाच विचारलंस!”

“हो. आणि तुम्ही नाही म्हणालात.”

“अगं, पहिलं नाही कुणी धरतं का?” सीटवर बसकण मारत नूला म्हणाली. “चल, चल, हाक आता. माझ्या नावाने भोंगा वाजतोय.”

फेनाने गाडी हाकली. माणसं बाजूला होऊ लागली. थोडं पुढे गेल्यावर ती म्हणाली, “पहिलं नाही धरायचं, तर मग कितवं धरतात तुमच्याकडे?”

“तिसरं. घर जुन्या वळणाचं असेल तर चौथं.”

“बाप रे! आणि समोरच्याने दुसऱ्यांदा विचारलंच नाही तर?”

नूला म्हणाली, “तर लग्न हुकतं.”

“कुणाचं?”

“माझ्या मुलीचं.” आणि कोण कुठली ती पोरगी, पण दोन वर्षांत गावात कुणाला न सांगितलेलं नूलाने तिच्या पाठमोऱ्या पिवळ्या जाकिटाला सांगून टाकलं. फोन, उन्हात टाकलेला कोट, सगळं. “मी तिला नकोच होते, दुसरं काय,” तिने शेवटी म्हटलं.

“पण तिने एकदा विचारलं होतं ना?”

“एकदा. हो.”

“मग तुम्ही तिला हव्याच होतात,” फेना म्हणाली. “ती नॉर्वेत राहते म्हणता. तिकडे काय नि आमच्याकडे काय, नको असलेल्या माणसाला एकदासुद्धा विचारत नाहीत. विचारलं आणि तो हो म्हणाला तर? केवढी पंचाईत!”

नूलाला हसू आलं आणि रडूही आलं. इतकी सरळ गोष्ट, पण तिच्या कधी ध्यानात आली नव्हती. दोन वर्षं ती दुसऱ्या फोनची वाट बघत पोरीवर रुसली होती आणि पोरीने खऱ्या मनाने केलेला पहिला फोन तिने हिशेबात धरलाच नव्हता. तिकडे ग्रॉन्यालाही वाटलं असेल, आईला यायचंच नाही. लग्नाच्या दिवशी तीही अशीच कुठेतरी कोपऱ्यात उभी राहून रडली असेल. 

नूलाने डोळे पुसले आणि काहीतरी करायचं म्हणून पिशवी उघडली. आत फॉइलमध्ये गुंडाळलेला ब्रॅक होता, चहात भिजवलेल्या मनुकांचा घरचा गोड पाव, ग्रॉन्यासाठी नेलेला. “खातेस का तुकडा, पोरी?” तिने विचारलं आणि पुढचं वाक्यही तयार ठेवलं, ‘अगं घे, एवढ्याशाने काय होतंय.’

“हो, द्या,” फेना म्हणाली. एका हाताने गाडी वळवत दुसऱ्या हाताने तिने चांगला जाडजूड तुकडा मोडून घेतला आणि भरल्या तोंडाने म्हणाली, “मस्त आहे. अजून एक घेऊ?”

पोरगी हावरी आहे असं नूलाच्या मनात यायला हवं होतं, पण आलं नाही. उलट बरं वाटलं, फार बरं वाटलं. आपण दिलेलं कुणीतरी आनंदाने घेतलं, झटकन घेतलं, याचं सुख तिला कुणी मिळू दिलं नव्हतं, आणि तिनेही आजवर ते कुणाला मिळू दिलं नव्हतं. तिने दुसरा तुकडा पहिल्याहून मोठा मोडून दिला.

दाराशी पोचली तेव्हा तिथला माणूस मशीन बंद करायच्या बेतात होता. “पाडेन?” त्याने विचारलं. “पॅडन,” नूलाने ठणकावलं आणि पास पुढे केला. फेनाने लांबूनच हात केला. तिच्या गालाला ब्रॅकचा कण चिकटला होता. नूलाला तिला कवटाळावंसं वाटलं, पण मागे दार लावायला माणूस उभा होता.

विमानाकडे जाणाऱ्या बोगद्यात फोन वाजला. ग्रॉन्या.

“आई, कुठे आहेस? विमान मिळालं का?”

“मिळालं गं. आत शिरतेच आहे.”

“देवा! माझा जीव टांगणीला लागला होता.” मग ग्रॉन्याचा आवाज बदलला, लहानपणी काही मागायचं असलं की व्हायचा तसा. “आई, एक विचारायचं होतं. उद्या चर्चमध्ये बाळाला वेदीपर्यंत कुणीतरी घेऊन जायचं असतं. तू घेशील? म्हणजे... एरिकची बहीण आहे तशी, तुला नको असेल तर...”

“अगं न...” नूलाच्या जिभेच्या टोकावर ते आलंच होतं. अगं नको, मी कसली घेतेय, तिलाच घेऊ दे, ती तरुण आहे. तिने ओठ घट्ट मिटले. विमानाच्या दाराशी उभी असलेली मुलगी फोन बंद करायची खूण करत होती.

“घेईन,” नूला म्हणाली.



“आई? तू हो म्हणालीस?”

“म्हणाले. मनापासून म्हणाले. मला घ्यायचंय तिला.” पलीकडे ग्रॉन्याचा हुंदका ऐकू आला. नूला पुढे म्हणाली, “आणि हे बघ, परत विचारू नकोस. नाहीतर सवयीने नाही म्हणेन.”