चहाची पंधरा मिनिटं

रिसेप्शनवरच्या वहिनींनी कागदावर बोट ठेवून सातवी पायरी वाचली, एंटर दाबलं आणि हात मागे घेतला. पडद्यावर पुन्हा तीच लाल ओळ आली. दिवसातली तिसरी.

"माझंच काहीतरी चुकतंय बाई," वहिनी म्हणाल्या.

"तुमचं नाही, कागदाचं चुकतंय," मागच्या खुर्चीवरून पायरीताई म्हणाली. तिच्या आवाजात जीव उरला नव्हता.

हे नाव तिला ऑफिसनेच दिलेलं. कोणी काही समजवायला लागलं की ही बया वही उघडून विचारणार, "थांबा, पहिली पायरी कुठली?" सर्व्हर कसा लावायचा, बंद पडला तर कसा उठवायचा, हे कोणालाही जमेल असं लिहून काढणं हे तिचं काम. वीस वर्षं तेच. नियम एकच: लिहिलेलं अशा माणसाच्या हातून करून घ्यायचं, ज्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही. आपण मागे बसायचं आणि तोंडाला कुलूप लावायचं. बोट अडेल तिथलं वाक्य बदलायचं.

पण इथे बोट कुठेच अडत नव्हतं. वहिनी नीट वाचत होत्या, नीट करत होत्या, आणि सरावासाठी लावलेला सर्व्हर काही केल्या उठत नव्हता.

शेजारी बसलेले सर्व्हरकाका नुसते चुळबुळत होते. रक्ततपासणीच्या या लॅबचा जुना सर्व्हर महिन्यातून एकदा तरी बसायचा, आणि तो उठवणं अठरा वर्षं एकट्या काकांनाच जमत आलं होतं. रिपोर्ट अडले की काकांना फोन. मग ते जेवत असोत, नाहीतर कोणाच्या लग्नात असोत. काकूंचं पित्ताशयाचं ऑपरेशन याच फोनपायी दोनदा पुढे गेलं होतं. आता गुरुवारची तारीख मिळाली होती, आणि आज मंगळवार. साहेबांनी रजा दिली होती, पण अट घालून. काकांनी हात न लावता दुसऱ्या कोणीतरी कागद बघून सर्व्हर उठवून दाखवायचा.

"राहू द्या ताई," काका म्हणाले. "मी कळवून टाकतो डॉक्टरांना. तिला काय, सवय झालीय."

पायरीताईला त्यांचा रागच आला. सवय झालीय म्हणे! पण तो राग खरा स्वतःवरचा होता. तिने वही ओढली आणि पहिल्यापासून वाचायला घेतली. काकांना या सरावाच्या सर्व्हरवर काम करताना तिने तीनदा पाहिलं होतं, प्रत्येक पायरीपुढे वेळही टिपली होती. सहावी पायरी, अकरा दहा. सातवी, अकरा पंचवीस. दुसऱ्या दिवशीही मध्ये पंधरा मिनिटं. तिसऱ्या दिवशीही तेवढीच.

"काका, सहावीनंतर पंधरा मिनिटं काय करत होतो आपण?"

"काही नाही."

"नीट आठवा."

"अहो, काही नाही. चहाला गेलो होतो."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. तिन्ही वेळा सहावी पायरी झाल्यावर काका म्हणाले होते, "चला, चहा मारून येऊ." आणि तिने वही मिटली होती. पुढे तिने एकटीने करून पाहिलं, तेव्हाही त्याच सवयीने ती चहाला उठली होती. सहाव्या पायरीनंतर पडद्यावर 'बंद झालं' असं दिसायचं खरं, पण आतली आवराआवर संपलेली नसायची. ती संपायच्या आधी सातवी पायरी केली की सगळं मुसळ केरात.

"वहिनी, उठा. चहा घेऊन येऊ."

पंधरा मिनिटांनी वहिनींनी सातवी पायरी केली आणि सर्व्हर निमूट सुरू झाला. वहिनींनी टाळ्या वाजवल्या. काका हसले, पण ते हसू काही फार टिकलं नाही.

"म्हणजे अठरा वर्षं चहाच काम करत होता तर," ते म्हणाले. "मी आपला उगाच."

तिने कागदावर नवी सातवी पायरी लिहिली: पंधरा मिनिटं कशालाही हात लावू नका.

गुरुवारी साडेअकराला खरा सर्व्हर बसला. सवयीने दोघातिघांचे हात फोनकडे गेले. "खबरदार," पायरीताई म्हणाली आणि कागद वहिनींपुढे ठेवून मागच्या खुर्चीत जाऊन बसली. बाराच्या आत रिपोर्ट निघायला लागले.

चार वाजता काकांचाच फोन आला.

"ऑपरेशन नीट झालं. आता शुद्धीवर आलीय. तिकडे काय? ठीक आहे ना सगळं?"

"बसला होता सकाळी. वहिनींनी उठवला."

"मला फोन नाही केला?"

"गरजच पडली नाही, काका."

"मध्ये थांबल्या ना पंधरा मिनिटं?"

"थांबल्या."

"बरं, बरं," काका म्हणाले, पण फोन काही ठेवेनात. तेवढ्यात मागून काकूंचा क्षीण आवाज आला.

"आला ना फोन? जा तुम्ही. मी राहीन एकटी."

"कोणाचा नाही आला गं," काका म्हणाले. "मीच केलाय."