शंकररावांनी न सांगितलेले काम

वाचकहो, प्रस्तुत कथेत मी एका सेवानिवृत्त कामगाराच्या मौनाचा, आणि त्या मौनामुळे त्याच्या कन्येच्या नोकरीवर ओढवलेल्या संकटाचा वृत्तांत कथन करणार आहे. तो माझ्यासमोर जसा घडला तसाच लिहीत आहे.

अंबरनाथ पूर्वेस आमच्या चाळीत, माझ्या भिंतीला भिंत लागून, शंकरराव भालेराव राहतात. एकतीस वर्षे त्यांनी संरक्षण खात्याच्या एका कारखान्यात सेवा केली. रुजू होताना गोपनीयतेच्या कागदावर त्यांनी सही केली होती आणि ती सही त्यांनी पंचशीलाइतक्याच निष्ठेने पाळली. तेथे ते नेमके काय बनवीत, हे त्यांच्या पत्नी सुंदराबाई यांनाही ठाऊक नव्हते. "लोखंडाचं काहीतरी असेल," असे त्या पाहुण्यांना सांगत. "कपडे धुताना पाणी काळं निघायचं, म्हणून म्हणते."

गेल्या वर्षी त्यांची कन्या यशोधरा हिची एका सरकारी प्रयोगशाळेत निवड झाली. तथापि पोलीस पडताळणीशिवाय तेथे रुजू होता येत नाही, आणि मुदत केवळ चोवीस दिवसांची होती. चौकशीस हवालदार शेलार आले. शेजारी साक्षीदार लागतो म्हणून मी शेजारच्या शहरातील कॅम्प नंबर तीन या वस्तीतले माझे जीन्सच्या कटिंगचे काम सोडून हजर राहिलो.

पत्ता, शिक्षण, गुन्हा दाखल नसणे, हे सर्व सुरळीत लिहिले गेले. मग हवालदारांनी अर्जातला पुढचा रकाना वाचून विचारले, "काका, वडिलांच्या कामाचं स्वरूप? काय बनवायचात तिकडे?"

"सांगता येणार नाही."

"अहो, मी पोलीस आहे!"

"दिसतंय. पण माझ्या कागदात पोलिसांना सूट लिहिलेली नाही."

"रिटायर होऊन किती वर्षं झाली?"

"सहा. सही रिटायर होत नाही, साहेब."

यशोधरा रडकुंडीला आली. "पप्पा, कायपण सांगा ना! नट-बोल्ट बोला!"

"तुझ्या पहिल्याच सरकारी कागदावर खोटं लिहून देऊ?"

"पोरीचं वाटोळं झालं तरी चालेल," सुंदराबाई कडाडल्या, "पण यांचं तोंड उघडायचं नाही!"

हवालदार माझ्याकडे वळले. "बबनराव, तुम्ही तरी बोला."

"साहेब, बावीस वर्षं शेजारी आहे. त्यांची शुगर किती ते सांगतो. कामाचं माहीत नाही."

हवालदारांनी पेन्सिलीने नोंद केली, 'वडिलांनी माहिती देण्यास नकार दिला.' मग म्हणाले, "हे असंच वर गेलं तर पोरगी अडकली समजा. आठ दिवस कागद माझ्याकडे ठेवतो. काय ते बघा."

दुसऱ्या दिवशी शंकरराव स्वहस्ते लिहिलेला अर्ज घेऊन आपल्या जुन्या कारखान्याच्या दारी गेले. 'माझ्या कामाविषयी पोलिसांस कितपत सांगावे, याची लेखी परवानगी मिळावी,' असा त्याचा आशय होता. ते चार वेळा गेले. घरी त्यांच्याशी कोणी बोलत नव्हते. सातव्या दिवशी त्यांच्या हाती एक मोहरबंद लिफाफा आला. त्यावर पोलीस ठाण्याचे नाव होते, म्हणून त्यांनी तो फोडलाही नाही.

हवालदारांनी तो आमच्यासमोर उघडला, दोनदा वाचला आणि घडी करून खिशात ठेवला.

सुंदराबाईंनी विचारले, "काय बनवायचे हो हे?"

"मावशी, यावर गोपनीय लिहिलंय. आता मलाही सांगता येणार नाही."

"घ्या! घरात एक होता, आता ठाण्यातही एक झाला!"

हवालदार हसले. त्यांनी पेन्सिलीची ओळ खोडून शाईने लिहिले, 'माहिती प्राप्त. आक्षेप नाही.'

यशोधरा मुदतीच्या दोन दिवस आधी रुजू झाली. पहिल्या दिवशी ती परतली, तेव्हा शंकररावांनी तिला "जेवलीस का?" एवढेच विचारले.

माझे शिक्षण आठवीपर्यंतच झाले असूनही आपण हे लेखन शेवटपर्यंत वाचलेत, याबद्दल मी, बबन रामजी साळवे, आपले अंतःकरणपूर्वक आभार मानतो.