बेमालूम

रफूवाल्या बाईंच्या हातचं काम म्हणजे काम! कपड्याच्याच आतल्या शिवणीतून धागा काढायचा, भोकाच्या कडेने एकेक ताणा धरत उभं-आडवं विणत जायचं, आणि मग कापड उजेडात धरून आपल्यालाच जागा सापडते का ते बघायचं. सापडली, की उसवून पुन्हा पहिल्यापासून. बावीस वर्षांत एकही कपडा तक्रार घेऊन परत आला नव्हता, आणि हे सांगताना त्यांची मान अशी काही ताठ व्हायची की बघत राहावं. त्या मानेला आता पट्टा लागला होता, झोप उडाली होती, घास घशाखाली उतरत नव्हता, डॉक्टर ताण कमी करा म्हणून कानीकपाळी ओरडत होते, ते सोडा.

"आई, आज तरी माझ्याबरोबर जेव," सकाळी लेक म्हणाली होती.

"एवढा एक कोट झाला, की आलेच."

असे 'एवढे एक' किती झाले, ते त्या पोरीलाच ठाऊक.

दुपारी कोटाचे मालक आले. बाही उलटीसुलटी करून म्हणाले, "कुठे फाटला होता हो?" बाई हसल्या, याहून मोठी शाबासकी कुठली? पण मालक हसले नाहीत. "हा फाटलाच नव्हता. मग मी इथे कशाला आलो?" असं पुटपुटत ते कोट चढवून निघून गेले. पाठोपाठ स्वेटर न्यायला आलेल्या आजींनी दारातूनच आत डोकावून स्वतःशीच म्हटलं, "अगं बाई, इथे तर कुणीच नाही." बाई समोरच बसल्या होत्या.

घाबरायला हवं होतं खरं. पण बाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं. इतकं बेमालूम काम दुसऱ्या कुणाला जमलंय का? कधी एकदा लेकीला सांगते असं होऊन त्यांनी दिवसाउजेडीच दुकान बंद केलं.

लेकीनेच दार उघडलं. "कोण हवंय, काकू? किती दमलेल्या दिसताय. आत या, बसा."

बाई बसल्या. समोरच्या फोटोत बाप आणि लेक खांद्याला खांदा लावून उभे होते. सवयीने त्या उठल्या, चष्मा वर करून दोघांच्या मधली जागा बारकाईने न्याहाळली. बोटभरही फट नव्हती.

आतून लेकीचा दबका आवाज आला. "बाबा, कुणीतरी काकू आल्यात. बऱ्याच दिवसांत नीट जेवल्या नसाव्यात. आपल्याबरोबरच बसवू या का त्यांना?"

कुणी बरं इतकं छान वळण लावलं असेल या मुलीला, बाईंच्या मनात आलं, आणि का कोण जाणे, त्यांचा ऊर अभिमानाने भरून आला.