ओल्या भिंतीपुढचे कपाट

मी एक जुने लाकडी कपाट आहे. समोरून बघाल तर म्हणाल, काय छान कपाट आहे. दोन दारे, एका दाराला आरसा, खाली खण, पितळी मुठी. मित्रांनो, माझी पाठ मात्र तुम्ही पाहिलेली नाही. ती कुणी पाहू नये म्हणूनच मला इथे उभे केले आहे.

मला घडवणारा सुतार हाताचा चांगला होता. मोडीत निघालेल्या गलबताचे सागवान आणून त्याने माझी दारे केली. पाठीला मात्र खोक्याच्या पातळ फळ्या ठोकल्या. ज्याच्यासाठी मी बनत होते तो बंदरावरचा कारकून शेजारी उभा होता. सुतार त्याला म्हणाला, "पाठ भिंतीलाच लागणार. भिंत कुठे तक्रार करतेय?" दोघे हसले. मलाही त्यात काही वावगे वाटले नाही.

कारकुनाने समुद्रासमोरच्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर खोली भाड्याने घेतली होती. तिथे मी खिडकीशेजारच्या कोरड्या भिंतीला टेकून नऊ वर्षे उभे होते. ती माझी सुखाची वर्षे. कारकुनाची बायको दर रविवारी मला तेलाचा हात लावी. शेजारणी आल्या की माझ्या आरशात केस सारखे करून जात. पुढे कारकुनाची बदली झाली. मला जिन्यावरून उतरवणे जमेना, म्हणून तो मला तिथेच सोडून गेला. मी घरमालकिणीचे झाले.

तिला सगळे भाडेकरू मावशी म्हणत. तसे म्हणा असे तिने कधी सांगितले नव्हते, पण तिचा आवाजच असा मऊ होता की माणसाच्या तोंडून आपसूक मावशी निघे.

त्या खोलीची समुद्राकडची भिंत तेव्हा ओल धरू लागली होती. आधी चुन्याचे पोपडे सुटले, मग हिरवट डाग आला, मग काळा. गवंडी आला, त्याने भिंतीवर बोटाने टकटक केले आणि सांगितले की बाहेरून बांबू बांधून सगळा गिलावा फोडायला हवा, वरवर रंग मारून काही होणार नाही. मावशीने त्याचे नीट ऐकून घेतले. मग तिची नजर खोलीभर फिरली आणि माझ्यावर येऊन थांबली.

"हे कपाट तिकडे सरकवा बरं," ती म्हणाली.

त्या दिवसापासून माझे काम बदलले. कपडे सांभाळणे हे नावापुरते. डाग झाकणे हे खरे.

खोली दाखवायची असली की मावशी सकाळीच येई. खिडक्या दोन तास उघड्या टाकी, माझ्या खणात मूठभर डांबरगोळ्या ठेवी आणि आरसा पुसे. येणाऱ्याला म्हणे, "खिडकी उघडली की समुद्र घरातच." तेवढे मात्र ती खरे बोले. समुद्र माझ्या पाठीमागेच होता. मग माझ्या दारावर थाप मारून ती सांगे की हे सागवानी कपाट खोलीबरोबर वापरायला आहे, त्याचे वेगळे काही मागत नाही. लोकांचे डोळे चमकत. मीही फुशारून जाई. मित्रांनो, खोटे का बोलू? कौतुक झाले की आपण कशासाठी उभे आहोत हे विसरायला होते.

भाडेकरू आले नि गेले. मग शिवणकाम करणारी एक बाई आली. तिच्याबरोबर तिचे म्हातारे वडील होते. त्यांनी उभी हयात जहाजांना रंग देण्यात घालवली होती आणि त्यांच्या छातीत त्या रंगाचा वास मुरला होता. मोकळी हवा मिळाली तर बरे वाटेल असे डॉक्टरांनी सांगितले, म्हणून लेकीने समुद्राकाठची खोली शोधली. खिडकीखाली तिचे शिलाई मशीन बसले. वडिलांची खाट माझ्या शेजारी आली, कारण वारा तिथेच चांगला लागत असे.

दोघांचे छान जमे. ती मशीनवर बसली की ते सुईत दोरा ओवून देण्याचा हट्ट धरत. दोरा काही सुईच्या नेढ्यात जात नसे. ती म्हणे, "बाबा, एवढ्या वेळात मी दोन बाह्या जोडल्या." ते म्हणत, "मग जोड की. मी काय तुझा हात धरलाय?"

चार महिन्यांनी त्यांचा खोकला वाढला. त्याच सुमारास तिला एका दवाखान्याच्या पांढऱ्या कोटांचे मोठे काम मिळाले. बारा कोट शिवून, इस्त्री करून, घडी घालून तिने माझ्या मधल्या कप्प्यात ठेवले. द्यायच्या दिवशी काढले तर प्रत्येकाच्या घडीवर काळे ठिपके. धुऊन ते गेले नाहीत.

मागे भिंत आहे आणि भिंतीला ओल आहे, हे तिच्या मनातही आले नाही. सागवानी कपाट होते ना मी. ती वडिलांकडे वळली. "बाबा, ओला टॉवेल कपाटात ठेवलात ना?"

म्हातारा गडबडला. अलीकडे त्याला गोष्टी आठवत नसत. चष्मा कपाळावर ठेवून तो घरभर चष्मा शोधत असे. "ठेवला असेन," तो म्हणाला.

"असेन काय? महिन्याची मेहनत गेली माझी. नुसतं बसून खायचं, वर हे."

मित्रांनो, मला दोन दारे आहेत, पण तोंड नाही. असते तरी उघडले असते की नाही, कोण जाणे. त्यानंतर तो माणूस आंघोळ करून आला की टॉवेल दोरीवरसुद्धा टाकत नसे. खिडकीत उभा राहून, दोन्ही हातांनी वाऱ्यावर धरून, वाळेपर्यंत तसाच उभा राही. लेक म्हणे, आता पुरे, बसा. तो म्हणे, थोडा ओला आहे अजून.

पुढे एकदा तिचे शिवताना बोटात घालायचे अंगुस्तान माझ्या मागे घरंगळले. तिने मला खांदा लावून पुढे ढकलले आणि तिथेच खाली बसली. भिंत काळी होती. नुसती काळी नाही, बुरशीने लवदार. माझ्या फळ्या पावासारख्या मऊ झाल्या होत्या. वडील खाटेवरून उठून आले आणि बराच वेळ बघत राहिले.

"म्हणजे तो मी नव्हतो ना?" त्यांनी विचारले.

लेकीने त्यांचे पाय धरले. ते म्हणाले, "अगं उठ, फरशी गार आहे."

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की या खोलीत राहिले तर यांचा हिवाळा निघणार नाही. बाईने धावाधाव करून टेकडीवर एक कोरडी खोली शोधली. तिथला मालक रविवारपर्यंत थांबायला तयार होता. मग ती मावशीकडे गेली. मावशी वर आली, भिंत पाहून तिने मऊ आवाजात समजावले की खोली बंद ठेवली की वाफ कोंडते, त्यात म्हातारा माणूस दिवसभर श्वास सोडणार, भिंत तरी किती सोसेल. राहता राहिले सोडून जाणे. त्याला तिची ना नव्हती. फक्त घराची एक रीत होती. मुदतीआधी जाणाऱ्याने आपल्या जागी येणारा बघून द्यायचा. तो मिळेपर्यंत सामान खोलीबाहेर न्यायचे नाही.

"मशीनपण?" बाईने विचारले.

"मशीन सामानच ना गं, बाळा," मावशी म्हणाली.

मशीनशिवाय टेकडीवर जाऊन खाणार काय? बाई दोन दिवस विचार करत बसली. तिसऱ्या दिवशी तिने कोपऱ्यावरच्या दुकानाच्या फळीवर खोली भाड्याने असल्याची चिठ्ठी लावली.

रविवारी सकाळी तिने स्वतः मला मागे सरकवले. खिडक्या उघडल्या. आरसा पुसला. डांबरगोळ्या कुठे मिळतात हे तिला सांगावे लागले नाही.

एक पोस्टमन आणि त्याची बायको खोली बघायला आली. कडेवर सहा महिन्यांची मुलगी. पोस्टमन खिडकीतून समुद्र बघत राहिला. बायको हुशार होती. तिने नळ सोडून पाहिला, फरशीवर पाय घासला. मग विचारले, "ताई, ओल नाही ना हो इथे? हिला लगेच सर्दी होते."

शिवणवाली माझ्या दाराला पाठ लावून उभी होती. तिचे हृदय माझ्या लाकडावर आपटत होते.

"हवा चांगली येते," ती म्हणाली. "कपाट सागवानी आहे."

म्हातारा खाटेवर बसला होता. त्याने काही सांगण्यासाठी मान वर केली आणि त्याला खोकल्याची उबळ आली. ती थांबेचना. पोस्टमनच्या बायकोने मुलीला पदराआड घेतले. "यांना काय झालंय?"

लेक वडिलांकडे बघत राहिली. आयुष्यात कुणी कुणाकडे इतक्या लाचारीने पाहिलेले मी पाहिले नाही.

म्हाताऱ्याने डोळे पुसले. "वय झालं, पोरी," तो म्हणाला. "जहाजं रंगवली ना. इथलं काही नाही ते."

संध्याकाळी हातगाडीवर मशीन चढले. बापलेक टेकडीकडे निघून गेले. जाताना ती माझ्याकडे न बघताच गेली. तिचा मला राग नाही. तिला एका माणसाला वाचवायचे होते आणि मावशीने दार एवढेच ठेवले होते की त्यातून जाताना दुसऱ्याला आत ढकलावे लागावे.

आता माझ्या मधल्या कप्प्यात लहान झबली आणि दुपटी असतात. खाटेच्या जागी पाळणा आला आहे, कारण वारा तिथेच चांगला लागतो. परवापासून मुलगी खोकते आहे. दात येत असतील, असे तिची आई म्हणाली.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, कामाला लागाल, खोल्या बघत हिंडाल. कुणी माझ्यासारख्याची तारीफ केली तर ऐकून घ्या, पण आधी मला पुढे ओढून बघा. लोक काय म्हणतील म्हणून संकोचू नका. आणि त्याआधीच कधी त्या तिसऱ्या मजल्यावर कुणाकडे पाहुणे म्हणून गेलात, तर एवढे करा. लवकर करा. मी दिसते तेवढे जड नाही.