मधली जागा

लग्नसराईनं प्रियंकाची कंबर पार मोडून टाकली होती. दारव्ह्यात तिचा लहानसा फोटो स्टुडिओ. कमाई मात्र गावोगावच्या मांडवांत. तेच हार, तेच हसू, तोच गुलाबी पडदा. आज ती फुलसावंगीला आली होती, कारण रजतनं फोन करकरून पिच्छा पुरवला होता. त्याच्या आजी-आजोबांच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती. चौकात फ्लेक्स लावायचा होता, त्यासाठी दोघांचा जवळ बसून हसरा फोटो हवा होता.

पुढच्या खोलीत कापसाचा ढीग आढ्याला टेकला होता. एका कडेला खुर्चीवर भगवानराव, दुसऱ्या कडेला भिंतीला टेकून, पाय लांब करून बसलेल्या विमलताई.

"आजी, आबाजवळ सरक ना," रजत म्हणाला.

"मी येथच बरी हाओ."

रजतनं प्रियंकाला बाजूला घेतलं. "आजीचा भाऊ वारला तवा आबा मौतीले गेले नाहीत. तवापासून कामापुरतंच बोलतात दोघं."

एरवी प्रियंकानं गोडीगुलाबीनं दोघांना खेटून बसवलं असतं. आज तेवढं त्राण नव्हतं. ती उंबऱ्यावरच बसली आणि तिथूनच कॅमेऱ्यातून पाहू लागली. वर नुसता पांढरा कापूस. खाली दोन टोकांना दोन लहान, काळसर माणसं. दारातून आलेला उन्हाचा पट्टा भगवानरावांच्या चपलेपासून निघून तिरपा विमलताईंच्या पायापर्यंत गेलेला. मधे मोठी रिकामी जागा. तिनं ती तशीच राहू दिली आणि बटण दाबलं.

फोटो पाहून रजतचा चेहरा उतरला. "ताई, यात तं कापूसच कापूस दिसून राह्यला."

"नजर आधी कापसावर जाते," प्रियंका थकल्या आवाजात म्हणाली, "मंग त्या पट्ट्यावरून घसरत आजीच्या पायाशी थांबते. जवळ बसवलं असतं तं पायाकडं कोणाचं लक्ष गेलं नसतं."

"पाहू," म्हणत भगवानरावांनी कॅमेरा मागितला. बराच वेळ ते त्या लहान पडद्याकडे बघत राहिले.

"गुडघा कधीपासून सुजेल हाय?"

"दिवाळीपासून," विमलताई म्हणाल्या.

"सांगतलं नाही."

"तुमी इचारलं काय?"

भगवानराव उठले. खुर्ची ओढत विमलताईंपाशी नेली. "येथं बस."

"आता उठवत नाही मले."

त्यांनी खुर्चीची पाठ धरली. मग कण्हत कण्हत खुर्चीच्या पलीकडे जमिनीवरच बसले. उन्हाचा पट्टा मोडला, खुर्ची आडवी आली. मांडणी म्हणून फोटो फसलेलाच, तरी प्रियंकानं तो काढला.

फ्लेक्ससाठी रजतनं दोघांचे चेहरे कापून शेजारी चिकटवून मागितले, भोवती गुलाब. प्रियंकानं मुकाट्यानं करून दिले. गिऱ्हाइकाशी वाद घालण्याइतकी उमेद आता तिच्यात उरली नव्हती.

काही दिवसांनी विमलताईंचा फोन आला. "तो कापसाचा फोटो मले कागदावर काढून दे."

"कोणता, आजी? आधीचा का खुर्चीचा?"

"खुर्चीचा." मग म्हणाल्या, "काल आमी दोघं पुसदले गेलतो, गुडघा दाखवाले. डॉक्टरनं गोळ्या देल्या. मी डॉक्टरले म्हणलं, यायले सांगा, दुखणं जुनं हाय, येवढ्यात नाही जाणार."

"बरं, आजी," प्रियंका म्हणाली, आणि कंबरेवर हात दाबत प्रिंट काढायला उठली.